झोतातला वाक

बसथांब्यावर उभं असताना चष्म्याच्या डाव्या काचेवर काहीतरी बसल्यासारखं वाटलं म्हणून तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला, आणि काच स्वच्छ झाली की नाही ते बघायला उजवा डोळा मिटून समोर पाहिलं, तर रस्त्यापलीकडचा दिव्याचा खांब कमरेत वाकला होता. फार नाही; उभं राहून कंटाळलेल्या माणसानं एका पायावर भार द्यावा, तितकाच. तिनं उजवा डोळा उघडला. खांब ताठ. परत मिटला. खांबानं परत अंग सैल सोडलं. मग तिनं समोरच्या इमारतीची कड पाहिली, दुकानाच्या शटरच्या पट्ट्या पाहिल्या, फूटपाथवरच्या फरश्यांच्या रेघा पाहिल्या. जिथं जिथं नजर रोखावी तिथं तिथं नेमक्या मध्यभागी रेघ जराशी फुगत होती, जणू तिच्याखालून काहीतरी सरपटत चाललंय. आणि त्या फुगवट्याच्या जागी थोडं मळभही होतं. बस आली, ती चढली, सवयीनं डावीकडच्या रांगेत बसली आणि पुढच्या दांडीवर तेच करत राहिली, एकदा हा डोळा, एकदा तो, तोवर समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी गडबडून मान वळवली आणि ते खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघायला लागले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की छपन्नाव्या वर्षी, भर सकाळी, आपण एका परक्या माणसाला डोळा मारतोय. एरवी ती हसली असती आणि घरी जाऊन वहिनीला सांगितलं असतं. पण हसू ओठांपर्यंत येऊन तिथंच थांबलं, कारण त्याच क्षणी तिला बाळ आठवलं होतं.

बाळ म्हणजे तिच्या संशोधन गटाचा तारा. कॅटलॉगमधलं त्याचं नाव आकड्यांचं आणि लांबलचक होतं, म्हणून गटातल्या कुणीतरी केव्हातरी बाळ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. जन्माला येऊन फार काळ न झालेला तारा, अजून धुळीच्या दुलईत गुंडाळलेला, स्वतः दिसतही नाही. दिसते ती त्याच्या कमरेभोवतीची काळी तबकडी, आणि त्या तबकडीच्या वर-खाली निघालेले दोन झोत. ती नव्या मुलांना समजावून सांगायची तेव्हा म्हणायची, की हे बाळ सगळ्या बाळांसारखंच आहे, भोवतीच्या तबकडीतून खातं, पण सगळं गिळत नाही, काही ओकून टाकतं. आणि ते ओकणंच त्याला वाचवतं, कारण आत येणारा वायू गरगरत येतो, आणि ती गरगर कुणीतरी बाहेर वाहून नेल्याशिवाय तारा काही जमून येत नाही. झोत सलग नसतात. त्यांच्यात गाठी असतात, ठिपक्यांसारख्या, एकामागून एक; दर गाठ म्हणजे बाळानं केव्हातरी दिलेली एक उचकी. बाहेरच्या गाठी ठळक, त्या संगणक आपोआप मोजायचा. पण तबकडीलगतच्या गाठी धुळीमुळे इतक्या फिक्या की संगणकाला त्यांच्यात आणि चित्रातल्या नुसत्या खरखरीत फरक कळत नसे. तिथं माणूस लागे, आणि माणूस म्हणजे ती. “बाईंची नजर” हा त्यांच्या मजल्यावरचा परवलीचा शब्द होता. महिन्याभरापूर्वी दुर्बिणींच्या मोठ्या ताफ्याकडून बाळाचं नवं चित्र आलं तेव्हा तिनं दार लावून, दिवे मालवून, एकेका फिक्या गाठीवर लाल फुली मारली होती. आणि फुल्या जोडल्यावर दिसलं होतं की झोत तबकडीतून सरळ निघतच नाहीत, मानेशी वाकतात, मग सरळ होतात. वरची मान आणि खालची मान, दोन्ही एकाच अंगाला. म्हणजे बाळ एका जागी बसलेलं नाही, कुणीतरी न दिसणारं त्याला हलवतंय. म्हणजे जुळं आहे. बैठकीत तिनं ते सांगितलं तेव्हा सगळे उठून पडद्याजवळ आले होते. त्या जुळ्याला शोधायला मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागायचा अर्ज तयार होता. तो आज संध्याकाळपर्यंत जायचा होता.

आणि फिकं काही बघायचं झालं की ती उजवा डोळा मिटत असे. ही सवय इतकी जुनी होती की ती सवय आहे हेही ती विसरली होती. कॉलेजच्या गच्चीवर पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावायची पाळी आली तेव्हा उजव्या पापणीवर टपोरी रांजणवाडी आली होती, म्हणून डावा लावला, आणि त्या डाव्या डोळ्याला जे दिसलं त्यानं तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरवून टाकलं. उजव्याला नंतर तशी संधी कधी मिळालीच नाही. दादा तेव्हा म्हणाला होता, तुझा डावा डोळा पदवीधर आहे आणि उजवा नापास. दादाचं सगळं असंच, थट्टेतून. बसच्या काचेवर डोकं टेकून ती दादाचा आवाज आठवायला लागली आणि मग आपण मुद्दाम दादाला आठवतोय हे तिला कळलं, कारण दुसरं जे आठवू पाहत होतं ते तिला नको होतं. दोन्ही माना एकाच अंगाला. हाच तर तिचा मोठा पुरावा होता. संगणकाची चूक असती, दुर्बिणीची असती, तर एक इकडे वाकली असती, एक तिकडे, असं ती बैठकीत ठासून म्हणाली होती. पण बघणाऱ्याच्या डोळ्यातच वाक असेल तर? डोळ्याच्या मध्यावर डाव्या बाजूला मळभ असेल, तर फिक्या गाठीची डावी कड पुसली जाईल, उरलेल्या भागाचा मध्य धरून आपण फुली मारू, आणि ती फुली जराशी उजवीकडे पडेल. वरच्या गाठीला. खालच्याही गाठीला. दोन्ही एकाच अंगाला. तिच्या पोटात खड्डा पडला. तो खड्डा तिथंच थांबला असता तर ठीक होतं, पण तो मागे मागे पसरत गेला. हे डोळ्याचं कधीपासून आहे? गेल्या वर्षीचा शोधनिबंध? त्याआधीचा? तो डोंगरावरच्या वेधशाळेतला, ज्याच्यावर तिची नोकरी कायम झाली तो? बस वळणावर कलली आणि तिला वाटलं, आपण आयुष्यभर जे जे पाहिलं असं म्हणतो, त्यातलं तिथं किती होतं आणि आपल्या डोळ्यात किती, हे आता कुणाला विचारायचं.

ऑफिसात पोचल्यावर तिनं जे केलं त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. आधी ती पाणी प्यायली, तिनं खिडकीतल्या कुंडीची सुकलेली पानं खुडली, मग दार लावून चित्र उघडलं, लाल फुल्या पुसल्या, आणि डावा डोळा हातानं झाकून उजव्यानं पाहिलं. उजवा डोळा बिचारा परीक्षेला बसवलेल्या मुलासारखा भांबावला. त्याला नुसतं धुकंच दिसलं. मग धुक्यात एक ठिपका. वाकलेला आहे की सरळ? ती बघत राहिली. तिला वाक दिसायला हवा होता, म्हणून तो दिसत होता. मग तिला दिसायला नको होता, म्हणून दिसेनासा झाला. तिला एवढं कळलं की या घडीला तिचा कुठलाच डोळा तिच्या कामाचा नाही. आणि मग तो विचार आला, अगदी साळसूदपणे, दारावर टकटक करून आल्यासारखा: अर्ज जाऊ दे. वाक असेलही. नसला तर मोठी दुर्बीण सांगेलच की, जुळं नाही म्हणून. असे कितीतरी अर्ज जातात. डोळ्याचं नंतर बघू. कुणाला कळणार आहे? दोन मिनिटं तो विचार तिच्या समोरच्या खुर्चीत बसून होता. तो तिला कुरूप वाटला नाही, हे तिला फार दिवस लक्षात राहिलं. तो दमलेला आणि समजूतदार दिसत होता, जवळजवळ तिच्याचसारखा. मग शेजारच्या खोलीतून मास्तरचं खोकणं ऐकू आलं आणि ती उठली.

मास्तर म्हणजे तिच्याच वयाचा, तिच्याच बरोबर नोकरीला लागलेला सहकारी. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून दाखवायची खोड असल्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणत, समोर अहोजाहो करून. ती एकटी त्याला अरेतुरे करायची. तो अर्जाचं शेवटचं पान वाचत होता.

“मास्तर, मला डाव्या डोळ्यानं सरळ रेघ वाकडी दिसतेय,” ती दारातूनच म्हणाली.

“हं,” तो न बघता म्हणाला. मग त्यानं कागद खाली ठेवला. “कधीपासून?”

“आज कळलं. असेल केव्हापासून ते माहीत नाही. फुल्या मी डाव्या डोळ्यानं मारल्यात.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं पीं चालली होती. ती वाट बघत होती की आता याचा चेहरा बदलेल, त्याच्यावर ती ओळखीची छटा येईल, एखादं उपकरण बंद पडल्याचं कळलं की येते ती. त्याऐवजी मास्तर खुर्चीत मागे रेलला आणि त्यानं स्वतःचे दोन्ही डोळे चोळले.

“मला एक सांग,” तो म्हणाला, “माझे दोन्ही डोळे धड आहेत. तरी मला वाक दिसला. सगळ्यांना दिसला. आम्ही सहा जण पडद्याला नाक लावून उभे होतो आणि सहाही जण म्हणालो, हो, वाकलाय. मग आमच्या डोळ्यांत काय बिघडलंय म्हणायचं?”

“फुल्या आधी पाहिल्यात तुम्ही.”

“तेच तर म्हणतोय. तू डोळ्यानं फसलीस, आम्ही तुझ्यावर विसंबून फसलो. तुझी चूक बरी त्यापेक्षा.” मग एकदम तो उठला. “आणि तू इथं काय करतेयस? डोळे दाखवायला जा.”

“पण अर्ज…”

“अर्ज गेला उडत. ऐक. मी फुल्या पुसतो. मूळ चित्र चौघांना वेगवेगळं बसवून देतो, एकानं दुसऱ्याचं बघायचं नाही, आणि दोघांना चित्र उलटं करून देतो, न सांगता. काय येईल ते येईल. पण तू आत्ता निघ. बसनं नको. कुणाला तरी बोलाव.”

तिला काहीतरी म्हणायचं होतं. सकाळपासून एकटीनं उचलून धरलेल्या जड वस्तूचं दुसरं टोक कुणीतरी सहज उचलावं, आणि हात एकदम हलके होऊन वर यावेत, तसं काहीतरी झालं होतं. पण मास्तर फळ्याकडे वळला होता आणि चौघांची नावं लिहीत होता, म्हणून ती नुसतंच “बरं” म्हणाली.

वहिनी मोटार शिकवायची. तिची स्वतःची शाळा होती, म्हणजे एक गाडी, छतावर पाटी, आणि ती स्वतः. शिकवून शिकवून तिला अशी सवय लागली होती की कुठल्याही गाडीत, अगदी बसमध्येसुद्धा, ती नुसती बसली असली तरी वळणापाशी तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई. दादाशी लग्न करून ती घरात आली तेव्हा नणंद पंधरा वर्षांची होती आणि गुडघ्यावर खरचटलेल्या पायांनी जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती, वहिनीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अतिशय आदरानं विचारलं, “वन्सं, तुम्ही रोज अशाच उतरता का?” ती थट्टा मग चिकटलीच. चाळीस वर्षं वहिनी तिला वन्सं आणि तुम्ही म्हणत आली होती आणि ती वहिनीला सरळ तू. दादा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की वहिनी आता तिच्या बहिणीकडे राहायला जाईल. तिलाही वाटलं होतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. एका सकाळी वहिनीच म्हणाली, “तिकडे गाडी लावायला जागा नाही. मी इथंच राहते, तुमची हरकत नसेल तर.” बहिणीच्या घराला मोठं अंगण होतं. दोन गाड्या सहज मावल्या असत्या. ती ते जाणून होती, वहिनीही जाणून होती, आणि दोघींनी त्यावर पुढं कधी एक शब्दही काढला नाही.

फोनवर ती म्हणाली, “वहिनी, डोळे दाखवायला जायचंय. वेळ आहे का तुला?” तर पलीकडून गिअर बदलल्याचा खरखराट आला आणि वहिनी कुणाला तरी म्हणाली, “बाजूला घ्या गाडी, आजचा धडा इथंच संपला.”

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती आणि तिच्या टेबलावर डोळ्याचं एक मोठं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, ज्याची बुबुळाची झाकणी कुणीतरी हरवली होती. तिनं आधी एक चौकटीचौकटींचा कागद समोर धरला आणि एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. उजव्याला चौकटी चौकटीसारख्या दिसल्या. डाव्याला ठिपक्याभोवती त्या पाण्यावर हलल्यासारख्या ओढल्या गेल्या. मग थेंब घातले, मग बाहेर बाकावर बसवलं, मग यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं, आणि पडद्यावर तिच्या डोळ्याच्या आतल्या पापुद्र्यांचा आडवा छेद दिसायला लागला. थेंबांमुळे तिला तो अंधूक दिसत होता, पण आयुष्यभर चित्रंच वाचलेली असल्यामुळे काहीतरी कळलंच. थरावर थर, आणि एका जागी खालून वर आलेला एक उंचवटा.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाली, “डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपलंय. पडदा तिथं वर उचलला गेलाय, म्हणून रेघा वाकड्या दिसतात. वाकडं काही नाहीये, पडदा सपाट नाहीये.”

“किती जुनं आहे?” तिनं विचारलं. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. “म्हणजे, वर्षं झाली असतील का?”

“छे. जुनं असतं तर मागे व्रण दिसले असते. हे ताजं आहे. दोन महिने, फार तर अडीच.”

“नक्की?”

डॉक्टर जराशी चमकली. “बहुतेक लोक विचारतात, बरं होईल का. कधी झालं, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“बरं होईल का?” मागच्या खुर्चीतून वहिनी म्हणाली.

“डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. एकदा नाही, काही वेळा, महिन्यामहिन्यानं. लवकर आलात, हे फार चांगलं झालं. अगदी पहिल्यासारखं होईल असं मी वचन देत नाही. पण वाचायला, फिरायला, सगळ्याला पुरेल.”

दोन महिने. तिनं मनातल्या मनात मागचा खड्डा चाचपून पाहिला आणि तो बुजला होता. गेल्या वर्षीचं काम शाबूत होतं. त्याआधीचं शाबूत होतं. डोंगरावरचं ते सगळं, ते जसं होतं तसंच तिथं होतं. तिला इतकं हलकं वाटलं की इंजेक्शन डोळ्यात द्यायचंय ही गोष्ट तिच्या कानापर्यंत पोचून मध्येच कुठंतरी राहिली, आणि ती डॉक्टरला म्हणाली, “तुमचे फार आभार,” आणि मग आणखी एकदा म्हणाली, तेव्हा वहिनीनं तिच्या कोपराला धरून तिला उठवलं.

बाहेर दुपार होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या थेंबांनी ताणून उघड्या राहिल्यामुळे ती दुपार एकदम सगळीच्या सगळी तिच्या डोळ्यांत शिरली. रस्ता पांढरा, माणसं पांढरी, गाड्यांच्या टपांवरून उजेडाचे लोट उठतायत. वहिनीनं स्वतःचा काळा चष्मा तिच्या चष्म्यावर चढवला आणि म्हणाली, “आता तुम्ही सिनेमातल्या वाटता. मिटून बसा.” गाडी शिकवणीची, त्यामुळे दोन्ही बाजूंना ब्रेक, तिचा पाय चुकून त्यावर पडला आणि गाडी गचकन थांबली, मागून भोंगे वाजले. “वन्सं, पाय आवरा. एक तर डोळे नाहीत, त्यात ब्रेक मारताय.” ती डोळे मिटून हसली. मिटलेल्या पापण्यांआड लालसर उजेड होता आणि त्यात आई आली, तशीच, न बोलावता. ती डोंगरावरच्या वेधशाळेत गेली होती तेव्हा आई बाथरूममध्ये पडली होती. कळल्यावर हिनं घाबरून घरी फोन केला, परत येते म्हणाली. वहिनी म्हणाली होती, “येऊन काय करणार? हाड जोडता येतं का तुम्हाला? तुम्हाला मिळालेल्या रात्री परत मिळत नाहीत म्हणता ना, मग बघा काय बघायचंय ते. इथं मी आहे.” आणि तिनं पाहिलं. तिच्या आयुष्यातला पहिला झोत तिनं तेव्हा पाहिला, आईचा पाय प्लॅस्टरमध्ये असताना. घरी परतली तर आई खाली उभ्या असलेल्या मोटारीत, ड्रायव्हरच्या जागी, प्लॅस्टरचा पाय बाहेर काढून बसली होती आणि वहिनी तिला गिअर कसे टाकतात ते शिकवत होती, घरात कंटाळली म्हणून. आई इतकी खूश कधी दिसली नव्हती. त्या कामाचा निबंध छापून आला तेव्हा शेवटी आभार मानले होते. वेधशाळेचे, संस्थेचे, उपकरणं सांभाळणाऱ्यांचे. सगळे रीतसर. वहिनीचं नाव घालावं असं मनातसुद्धा आलं नाही, कारण अशा गोष्टी तिथं लिहायच्या नसतात. मग त्या लिहायच्या तरी कुठं असतात? बोलायच्या तरी कुठं असतात? चाळीस वर्षं एका घरात राहूनही तशी एक जागा त्यांना सापडली नव्हती.

“वहिनी,” ती डोळे मिटूनच म्हणाली, “त्यावेळी मी डोंगरावर होते, आणि आई पडली…”

“हं. मग?”

“काही नाही. बरं केलंस तू.”

“काय बरं केलं? तिसऱ्या गिअरपर्यंत पोचल्या होत्या त्या. प्लॅस्टर निघालं आणि शिकायच्या थांबल्या, त्याचं वाईट वाटतं.” गाडी वळली. वळताना वहिनीचा आवाज जरा बदलला. “सकाळी फोन केलात तेव्हा मला वाटलं काय झालं असेल आणि काय नाही. शिकाऊ बाईला मी रस्त्यात उतरवून आले. ती अजून तिथंच उभी असेल.”

घरी वहिनीनं पडदे ओढून घेतले. स्वयंपाकघरात त्यातल्या त्यात अंधार होता म्हणून दोघी तिथंच टेबलाशी बसल्या, चहा घेत. संध्याकाळ व्हायला आली असावी. पडद्याच्या कडेनं येणारा उजेड पिवळा झाला होता. तिला आपल्या पेल्याची कडही धड दिसत नव्हती. तेवढ्यात मास्तरचा फोन आला, आणि वहिनीनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“डोळ्याचं सांग आधी,” मास्तर म्हणाला. तिनं सांगितलं. पडद्याखाली पाणी, दोन महिने, इंजेक्शन. दोन महिने म्हटल्यावर पलीकडे एक मोठा श्वास सुटलेला ऐकू आला, आणि तिला कळलं की तो खड्डा दिवसभर त्याच्याही पोटात होता.

“आता बाळाचं,” ती म्हणाली.

“वाक गेला,” मास्तर म्हणाला. “चौघांच्याही फुल्या जुळल्या, उलट्या चित्रावरच्यासुद्धा. मान सरळ आहे. जुळं नाही, निदान आपल्याला दिसलं असं म्हणता यायचं नाही.”

महिनाभर ती त्या जुळ्याबरोबर राहिली होती. आंघोळ करताना, बसमध्ये, चालताना त्याची कक्षा मनात फिरवली होती. ते आता नव्हतं, आणि कधीच नव्हतं. आणि त्याच्याबद्दल जी माया वाटली होती ती मात्र होती, तिचं काय करायचं ते तिला कळेना.

“ऐकतेयस ना?” मास्तर म्हणाला. “पुढचं ऐक. आपण म्हणत होतो ना, वरच्या गाठी आणि खालच्या गाठी यांचा काही मेळ लागत नाही म्हणून? तो तुझ्या फुल्यांमुळे लागत नव्हता. त्या नुसत्या बाजूला सरकल्या नव्हत्या, वरही सरकल्या होत्या. म्हणजे वरच्या झोतात तबकडीपासून लांब, खालच्यात जवळ. आता नव्या फुल्या लावल्या, तर दर गाठीला पलीकडे जोडीदार आहे, तबकडीपासून तेवढ्याच अंतरावर. अगदी आतल्या गाठींपासून बाहेरपर्यंत. बाळ उचकी देतं तेव्हा दोन्हीकडून एकदम देतं. अगं, इतक्या आतपर्यंत आपण तरी हे कधी पाहिलं नव्हतं. मी तासभर नुसता बघत बसलो होतो. चित्र पाठवलंय वहिनींच्या फोनवर.”

“आणि अर्ज?”

“बदलून पाठवता येईल. धावपळ केली तर अजून वेळ आहे. तू म्हणशील तसं.”

सकाळचा तो समजूतदार विचार परत येतो की काय म्हणून तिनं क्षणभर वाट पाहिली. आला नाही. “आज नको पाठवू,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला पाठवू. आधी हे नीट मोजा, सावकाश. सहा महिने गेले तर जाऊ देत. घाई कसली?”

“मी पण तेच म्हणणार होतो,” मास्तर म्हणाला. “पण म्हटलं, तू म्हणावंस.”

“मास्तर.”

“काय?”

“सकाळी मी तुला न सांगता बसले असते, तर… दोन मिनिटं बसले होते.”

“दोनच ना?” तो म्हणाला. “मी असतो तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसलो असतो. ठेवतो आता.”

फोन बंद झाला. वहिनीनं स्वतःचा फोन उचलला आणि चित्र उघडलं. तिच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडलेला त्या अंधूक नजरेलाही कळला. इतक्या वर्षांत वहिनीनं तिची चित्रं पाहिली नव्हती असं नाही. भिंतीवर एक लावलेलंही होतं आणि वहिनी ते पुसायचीसुद्धा. पण पुसणं वेगळं. आता वहिनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, फोन डोळ्याशी धरून बघत होती, रस्त्यावरचे खड्डे लांबून हेरायची तशी.

“तुम्हाला दिसत नाहीये ना?” वहिनीनं विचारलं. “मी सांगू?”

“सांग.”

“मधे काळं आहे. आडवं. पोळपाट कडेनं धरावा तसं. त्याच्या वर एक ठिपका, अगदी बारीक, पुसटसा. आणि खाली… थांबा. हो, खालीही एक. तसाच. मग वर दुसरा, तो जरा मोठा. खालीही दुसरा, जरा मोठा. हे सगळं जोडीजोडीनंच आहे की, वन्सं. वर एक, खाली एक.” वहिनी हळूहळू बोट सरकवत होती. “इथं वरचा जरा फुटलाय, दोन झाल्यासारखा. खालचा नाही फुटला. मग परत जोडी. मग वर एक धनुष्यासारखं आहे, टोकाला.”

“खाली?”

“खालीही धनुष्य. पण हे तुटकं. अर्धंच दिसतंय.”

“तिथं समोर जास्त धूळ असेल,” ती म्हणाली, आणि तिला ते सगळं दिसत होतं, पापण्यांच्या आत, वहिनीच्या शब्दांपाठोपाठ एकेक ठिपका उजळत जात होता. आपणही इतक्या निवांतपणे हे कधी पाहिलं नाही, तिला वाटलं. आपण नेहमी काहीतरी शोधत असतो. “वाकलंय का कुठं?”

“वाकलंय कुठलं? सूत धरल्यासारखं सरळ आहे.”

तिला एकदम बोलावंसं वाटलं. सगळंच, अंगणाचं, आईचं, दादाचं, आजच्या दुपारचं. “वहिनी, तुझे मी कधी आभार…”

“ते परक्यांचे मानतात,” वहिनी फोनवरून डोळे न काढता म्हणाली. “माझे मानलेत तर आजचं गाडीभाडं लावीन, आणि त्या शिकाऊ बाईचा बुडालेला तासही.” पण तिनं मोकळा हात टेबलावरून पुढं केला आणि तिच्या मनगटावर ठेवला, आणि तो तिथंच राहू दिला. थोड्या वेळानं म्हणाली, “हे आत्ता चाललंय का असं?”

“नाही. हा उजेड निघून हजारेक वर्षं झाली.”

“अगं बाई! म्हणजे एव्हाना बाळ मोठं झालं असेल.”

“छे. ताऱ्याला हजार वर्षं म्हणजे काहीच नाही. अजून दुलईतच असेल.”

वहिनीनं यावर विचार केला. “मग ठीक आहे,” ती म्हणाली. “तुमचा डोळा बरा होईपर्यंत कुठं जात नाही.” आणि तिनं खुर्ची जराशी जवळ ओढली. “अजून सांगू? इथं एक राहिलाच.”

“सांग,” ती म्हणाली.